डोक्यावरचे वस्त्र आणि हुकमाचा अधिकार



मुसलमान स्त्रीने डोक्यावर काय घ्यावे आणि काय घेऊ नये, या वादाशी आमचा संबंध काय, असे आपणांपैकी कित्येकजण विचारतील. आपल्या घरात बुरखा नाही, हिजाब नाही. दुसऱ्याच्या घरातले भांडण आपल्या अंगणात कशाला आणावे? परंतु हे भांडण आपल्या अंगणात केव्हाच येऊन पोहोचले आहे, आणि ज्यांनी ते आणले त्यांनी परमपूज्य बाबासाहेबांचे नाव घेऊन आणले आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी हिजाबप्रकरणी जो निकाल दिला, त्या निकालपत्रात पडदापद्धतीवर बाबासाहेबांनी केलेली टीका उद्धृत केलेली आहे. तेव्हापासून 'तुमचे बाबासाहेबच पडद्याच्या विरुद्ध होते, मग तुम्ही बंदीच्या बाजूने का बोलत नाही?' असा सवाल आमच्या तरुणांना टाकला जातो. नुकतीच दीक्षा घेतलेला तरुण या सवालापुढे घुटमळतो. विरुद्ध बोलावे तर बाबासाहेबांना सोडल्यासारखे होते, बाजूने बोलावे तर शाळेच्या दारातून परत फिरविलेली मुलगी डोळ्यांपुढे उभी राहते. त्याने घुटमळण्याचे कारण नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम प्रकरण काय घडले ते पाहा. उडुपी येथील सरकारी पदवीपूर्व महाविद्यालयात हिजाब घेऊन आलेल्या काही मुलींना वर्गात बसण्यास मनाई झाली. हिजाब म्हणजे केस, कान व मान झाकणारा रुमाल. चेहरा त्यात मोकळा राहतो. चेहरा झाकणारा तो नकाब, आणि सर्व अंग झाकणारा तो बुरखा. वादात हे तिन्ही शब्द एकाच टोपलीत टाकले जातात म्हणून हा खुलासा. २०२२ च्या जानेवारीत वाद पेटला, भगवी उपरणी घेतलेले विद्यार्थी त्या मुलींच्या समोर उभे करण्यात आले, आणि ५ फेब्रुवारी रोजी राज्य सरकारने गणवेशाचा आदेश काढला. उच्च न्यायालयाने सांगितले की हिजाब हा इस्लाम धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे, सबब गणवेशाचे बंधन योग्य आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली. न्या. हेमंत गुप्ता यांनी अपिले फेटाळली. न्या. सुधांशू धुलिया यांनी ती मान्य केली आणि मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न सर्वांच्या पुढे ठेवला: केवळ हिजाब घेते म्हणून मुलीला शिक्षण नाकारून आपण तिचे आयुष्य सुधारीत आहोत काय, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आता बाबासाहेबांनी काय लिहिले ते पाहू. पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात त्यांनी पडद्यावर कठोर टीका केली आहे, आणि तिचा एक शब्दही आम्ही मागे घेणार नाही. चार भिंतींत कोंडलेल्या स्त्रियांना रक्तक्षय व क्षय यांसारखे रोग जडतात, बाहेरच्या जगाशी संबंध तुटल्यामुळे त्यांच्या मनाची वाढ खुंटते, असे त्यांनी दाखवून दिले. हा प्रकार काही हिंदूंतही काही भागांत आहे, मात्र मुसलमानांत त्याला धर्माचे पाठबळ आहे, हेही त्यांनी नोंदविले. पण ही टीका नीट वाचा. तिचा रोख कशावर आहे? स्त्रीला जगापासून तोडण्यावर आहे. उजेड, हवा, विद्या आणि चारचौघांतला वावर यांना ती मुकते, हे बाबासाहेबांचे दुःख होते. मग जी मुलगी डोक्यावर रुमाल बांधून का होईना, पण घराचा उंबरठा ओलांडून विज्ञानाच्या वर्गात येऊन बसली, ती पडद्यातून बाहेर निघालेली मुलगी आहे. तिला फाटकावरून घरी परत पाठविणे म्हणजे भिंतींचे अपुरे राहिलेले काम स्वतःच्या हाताने पुरे करणे होय. बाबासाहेबांच्या शब्दांचा आधार घेऊन बाबासाहेबांना ज्याची चीड होती तेच घडवून आणावे, याहून मोठा विपर्यास कोणता?

आणि वस्त्राच्या बाबतीत बाबासाहेबांनी स्वतः काय केले, हे तर आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होते. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. त्या काळी अस्पृश्य स्त्री दुरून ओळखू येई. लुगडे गुडघ्याच्या वर खोचलेले, गळ्यात गळसऱ्यांचे थर, हातांत कोपरापर्यंत चढविलेले चांदी-कथलाचे दागिने. तो पोशाख तिने आवडीने निवडला होता काय? पिढ्यान्‌पिढ्यांच्या जरबेने तो तिच्या अंगावर घातलेला होता, आणि अंगवळणी पडल्यामुळे कित्येकींना तो आपलाच वाटू लागला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा उपयोग आहे. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की ही आपल्या जातीची खूण आहे, ती पुसून टाका. लुगडे घोट्यापर्यंत नेसा, हे ओझे उतरवा, मुलींना शिकवा. त्या बायांनी आपल्या हातांनी नेस बदलली. कोणी शिपाई उभा केला नव्हता, की जुन्या नेसीत आलेल्या बाईला सभेच्या मांडवाबाहेर घालविण्याचा ठराव झाला नव्हता. सभेत ती आधी बसली आणि मग तिने लुगडे बदलले. उडुपीच्या फाटकावर क्रम उलटा होता: आधी वस्त्र काढ, मग आत ये.

महाडला लुगडे खाली आले. त्रावणकोरात तर अंगावर कपडा चढविण्यासाठीच लढावे लागले. तेथील नाडार स्त्रियांना वरचे अंग झाकण्याची मुभा नव्हती. उच्चवर्णीयांपुढे उघड्या अंगाने राहणे हाच आदर समजला जाई. मिशनऱ्यांच्या संपर्काने ज्या नाडार कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या स्त्रिया अंगात जाकीट घालू लागल्या, तेव्हा बाजारात त्यांची वस्त्रे फाडण्यात आली, घरे जाळण्यात आली. अनेक दशकांच्या झगड्यानंतर १८५९ साली राजाने अंग झाकण्याची परवानगी दिली, पण तीही मेख मारून: नाडार स्त्रीने उच्चवर्णीय स्त्रीप्रमाणे मात्र वस्त्र घेता कामा नये! धर्म बदलताच स्त्रीच्या अंगावरचा कपडा हाच पहिला रणांगण कसा होतो, हे नव्याने धर्मांतर केलेल्या कुटुंबांना आम्ही अधिक फोडून सांगण्याची आवश्यकता नाही. एका ठिकाणी झाकणे हा गुन्हा, दुसऱ्या ठिकाणी न झाकणे हा गुन्हा. स्त्रीचे अंग हे आपल्या हुकमाचे शेत आहे, ही समजूत मात्र दोन्हीकडे एकच.

ही समजूत राजसत्तेच्या हाती गेली की काय होते, ते पाहावयाचे असेल तर इराणकडे पाहा. एकाच देशाने अवघ्या अर्धशतकात दोन्ही हुकूम अनुभवले. ८ जानेवारी १९३६ रोजी रेझा शहाने स्त्रियांनी पडदा टाकावा असे फर्मान काढले. शहाला आपला देश आधुनिक दिसावयास हवा होता. रस्त्यात उभे असलेले पोलीस बायांच्या अंगावरची चादर ओढून काढू लागले. परिणाम काय झाला? पुष्कळ बायांनी घराबाहेर पडणेच सोडून दिले. ज्या बायका चादर घेऊन का होईना बाजारात जात, न्हाणीघरात जात, नातलगांकडे जात, त्या घरात कोंडल्या गेल्या. १९४१ साली शहाला गादी सोडावी लागली आणि त्या हुकमाचा जोर ओसरला. पुढे १९७९ साली क्रांती झाली. दुसऱ्या शहाविरुद्धच्या निदर्शनांत कित्येक शिकलेल्या स्त्रियांनी जुलमाचा निषेध म्हणून मुद्दाम चादर घेतली होती. क्रांती यशस्वी होताच खोमेनींनी सरकारी कचेऱ्यांतील स्त्रियांनी हिजाब घ्यावा असे सांगितले, आणि ८ मार्च १९७९ रोजी तेहरानच्या रस्त्यांवर हजारो स्त्रिया विरोधासाठी उतरल्या. तेव्हा सरकारने तात्पुरती माघार घेतली, पण सक्ती पुढे आलीच. १९८३ च्या कायद्याने डोके उघडे ठेवणाऱ्या स्त्रीला ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा ठरली. १६ सप्टेंबर २०२२ रोजी महसा अमिनी ही बावीस वर्षांची कुर्द तरुणी, हिजाब नीट घेतला नाही म्हणून पकडली गेल्यानंतर, मरण पावली. आणि 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य' ही घोषणा देत तेथील मुलींनी भर रस्त्यात आपले रुमाल जाळले.

ज्या वर्षी उडुपीची मुलगी रुमाल न काढण्यासाठी फाटकावर उभी राहिली, त्याच वर्षी तेहरानची मुलगी रुमाल काढण्यासाठी गोळ्यांपुढे उभी राहिली. या दोघींपैकी एकीचीच बाजू घेता येईल, असे मानणारे लोक दोन्ही बाजूंना आहेत. एकीला टाळ्या द्यावयाच्या आणि दुसरीचे नाव निघाले की घसा खाकरावयाचा, ही त्यांची रीत. आम्ही दोघींच्याही बाजूचे आहोत, आणि यात आम्हांस कसलीही विसंगती दिसत नाही. दोघींच्या डोक्यावर हात टाकणारा सरकारचा माणूस आहे.

अफगाणिस्तानचा दाखला थोडक्यात देतो, कारण त्याला भाष्याची गरज नाही. २०२१ साली तालिबानांची सत्ता आली, मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या. २०२२ च्या मे महिन्यात स्त्रियांनी चेहरा झाकावा असा हुकूम निघाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विद्यापीठांची दारे त्यांना बंद झाली.

युरोपात हुकूम उलट दिशेने निघाला. फ्रान्समधील क्रेय या गावी १९८९ साली तीन मुलींना रुमालामुळे शाळेबाहेर ठेवण्यात आले. पंधरा वर्षे वाद चालला, आणि १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांस बंदी झाली. पुढे २०१० च्या कायद्याने सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास मनाई होऊन १५० युरोपर्यंत दंड ठरला. संपूर्ण देशात चेहरा झाकणाऱ्या स्त्रिया सुमारे १,९०० असाव्यात, असा सरकारचाच २००९ चा अंदाज होता. तेवढ्या बायांसाठी अवघ्या राष्ट्राने कायदा करावा, याचे आम्हांस नवल वाटते. तुर्कस्तानात लैला शाहिन नावाची वैद्यकीय विद्यार्थिनी याच कारणाने इस्तंबूलच्या विद्यापीठातून बाहेर पडली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००५ साली तिच्याविरुद्ध निकाल दिला, पण त्याआधीच तिला उरलेल्या शिक्षणासाठी व्हिएन्नास जावे लागले होते. परदेशी जाण्याची ऐपत नसलेल्या मुलीचे काय होते, हे आपल्या वस्त्यांत राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

स्त्रीमुक्तीच्या चळवळीतही या प्रश्नावर एकमत नाही. फ्रान्समध्ये एलिझाबेत बादिंतेर यांनी १९८९ साली इतर विचारवंतांसह शिक्षकांना आवाहन केले की या रुमालापुढे माघार घेऊ नका. क्रिस्तीन देल्फी या तितक्याच कडव्या स्त्रीवादी. त्यांनी २००४ च्या कायद्याला विरोध केला. एक बाजू म्हणते, रुमाल ही दास्याची खूण आहे, मुलगी 'माझी इच्छा' म्हणते ती घरच्यांनी घडविलेली इच्छा आहे. दुसरी बाजू म्हणते, प्रौढ स्त्री आपली इच्छा सांगत असेल तर ती खोटी ठरविणारे तुम्ही कोण?

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच 'इच्छा' हा शब्द उच्चारला की वाद संपला, असे आम्ही मानीत नाही. महाडच्या बायांची आठवण वर मुद्दाम दिली. गळ्यातले ओझेही अंगवळणी पडले की दागिना वाटते. सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर रुमाल बांधून ती स्वतःच्या इच्छेने बांधते असे सांगणाऱ्या बापावर आमचा विश्वास नाही. पण त्यावर उपाय म्हणून पोलिसाने अगर मुख्याध्यापकाने तिची इच्छा ठरवावी, हे तर त्याहून वाईट. मग पारख कशी करावी? आम्ही एकच विचारतो. रुमाल घेणाऱ्या त्या मुलीने उद्या सकाळी तो घेतला नाही, तर तिच्यावर काय प्रसंग येईल? घरात मार बसणार असेल, शाळा सुटणार असेल, लग्न मोडणार असेल, तर आज ती म्हणते ते 'होय' तिचे नव्हे. आणि तिने तो घेतलाच, तर काय प्रसंग येईल? वर्ग बंद, नोकरी बंद, रस्त्यात टवाळी, असे असेल तर उद्या ती म्हणेल ते 'नाही'ही तिचे नव्हे. दोन्हींची किंमत उतरवावी लागेल. आणि ती शिकल्यावाचून उतरत नाही. आपले पोट आपण भरू शकणारी मुलगीच घरच्यांना आणि सरकारला, दोघांनाही तोंड देऊ शकते.

बंगालच्या बेगम रुकैया सखावत हुसेन यांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९०५ साली त्यांनी 'सुलतानाज् ड्रीम' ही कथा लिहिली. तीत पुरुष घरात कोंडलेले आहेत आणि राज्यकारभार बायका चालवितात. कोंडलेल्या बायांचे हाल सांगणारे त्यांचे 'अवरोधवासिनी' १९३१ साली निघाले. पडद्याची इतकी निर्दय थट्टा क्वचितच कोणी केली असेल. आणि याच बाई १९११ साली कलकत्त्यास मुसलमान मुलींची शाळा काढल्यावर स्वतः डोक्यावरून पदर घेऊन वावरत, मुलींना झाकलेल्या गाडीतून आणवीत. कारण त्याशिवाय आईबाप मुली पाठवीत ना. कोंडून ठेवणे वेगळे आणि डोक्यावरचे वस्त्र वेगळे, हे त्या जाणून होत्या, आणि कोणते आधी मोडावयाचे हेही.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. न्यायालयात दोन्ही बाजूंनी कुराणातील वचनांचा कीस काढला. हिजाब धर्मात सांगितला आहे की नाही, यावर मुलीने वर्गात बसावे की नाही हे ठरू लागले. ज्यांनी ग्रंथाचे प्रामाण्य महाडच्या अग्नीत टाकले, त्यांना तरी हा मार्ग रुचू नये. ग्रंथात सांगितले असते तर सक्ती योग्य ठरली असती काय? आणि सांगितले नसेल तर मुलीला आपल्या मनाने रुमाल बांधण्याचा हक्क उरत नाही काय? माणसाचा हक्क त्याच्या माणूसपणातून निघतो. पोथीच्या पानातून काढू गेल्यास उद्या पोथी वाचणाराच मालक होऊन बसेल.

आता थोडे आपल्या घरात पाहू. दीक्षा घेऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी बायकोच्या कपाळावरचे कुंकू पुसावयास लावणारे आणि मंगळसूत्र तोडून फेकणारे नवरे आपल्यातही आहेत. त्यांच्या मनात धम्माविषयी प्रेम असेल. पण त्या बाईला कोणी समजावून सांगितले होते काय, तिला कोणी विचारले होते काय? विहारात पांढरे पातळ नेसून जाण्याचा आपल्याकडे प्रघात पडला आहे. पांढरे वस्त्र म्हणजे वैधव्य असे मानणाऱ्या समाजात नवरा जिवंत असलेल्या बाईने ते नेसून चारचौघांत चालणे, यात केवढे धैर्य होते! आज त्याच विहारात एखादी सून रंगीत पातळ नेसून आली तर तिच्याकडे वळून पाहणाऱ्या नजरा आम्ही पाहिल्या आहेत. आईने धैर्याने नेसलेले वस्त्र लेकीला धाकाने नेसावे लागत असेल, तर मुसलमानांच्या मोहल्ल्याकडे बोट दाखविण्यापूर्वी थोडे थांबावे, हे बरे.

आमच्या सहानुभूतीचा अर्थ मुसलमान समाजातील रूढींवर पांघरूण घालणे असा कोणी करू नये. त्या समाजातील सुधारणेचे काम त्याच समाजातील स्त्रियांनी पुढे नेले आहे आणि आपण त्यांच्या पाठीशी असावयास हवे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने अवघ्या सात मुसलमान स्त्रिया मुंबईच्या विधान भवनावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी होती. सातच होत्या म्हणून लोक हसले. तोंडी तलाक बेकायदा ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २२ ऑगस्ट २०१७ रोजी लागला, तो शायरा बानो या मुसलमान स्त्रीच्याच अर्जावर. यांपैकी कोणीही शाळेच्या फाटकावर दुसऱ्या मुलीचा रुमाल ओढावयास गेले नव्हते.

हा प्रश्न कर्नाटकातच राहिलेला नाही. मुंबईत चेंबूरला, जेथे आपल्यापैकी पुष्कळांची वस्ती आहे, एका महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी यांस मनाई करणारा नियम काढला. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी विद्यार्थिनींचा अर्ज फेटाळला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बिल्ला यांवरील मनाईस तात्पुरती स्थगिती दिली, वर्गात बुरखा घालण्यास मात्र मुभा दिली नाही. आणि कपाळावर टिळा लावून येणाऱ्यालाही तुम्ही अडविणार काय, असे महाविद्यालयाला विचारले. वर्गात शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा दिसावा, परीक्षेत ओळख पटावी, प्रयोगशाळेत सैल वस्त्र पेटू नये, हे नियम आम्हांस रास्त वाटतात. ते सर्वांना सारखे लावावे आणि त्यांसाठी कोणाची हजेरी कापू नये.

अशा महाविद्यालयांतून आपलीही मुले शिकतात. प्रवेशाच्या वेळी नियमांचे छापील पान हाती येते, त्यावर आपण न वाचता सही करतो. यंदा ते वाचा. पोशाखाचे कलम असेल तर पालकांच्या सभेत उठून विचारा की या कलमामुळे कोणती मुलगी वर्गाबाहेर राहणार आहे, आणि जिच्यावर घरून जबरदस्ती होते तिला तक्रार सांगण्यासाठी संस्थेत कोणी बाई नेमली आहे काय. आपल्या मुलीच्या बाकावर तिची मुसलमान मैत्रीण बसत असेल, तर तिलाही घरी बोलवा आणि तिचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐका. या लेखावर आलेल्या पत्रांपैकी स्त्रियांची पत्रे आधी छापली जातील. पुरुषांनी आपल्या पाळीची वाट पाहावी.